आलं लावताय? आधी कुंडीखालची थाळी काढा

अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आलं लावून घ्यायचं. साताऱ्याकडचे शेतकरीही साधारण याच दिवसांत बेणं लावतात. उशीर केला तर कोंब जेमतेम वर येतायत तोवर पावसाचा मारा सुरू होतो.

कुंडी रुंद घ्या. आल्याचा गड्डा आडवा पसरतो, फूटभर खोली पुरते. तळाला भोकं लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या भोकांखाली काय ठेवलंय ते कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी गॅलरीतल्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून कुंडीखाली प्लास्टिकची थाळी सरकवली होती. जुलैच्या झडीत ती काठोकाठ भरली आणि कुंडी चार दिवस पाण्यात उभी राहिली. खालची पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून वरून आणखी शेणखत घातलं. मग एक दांडा जरासा ओढला तर तो अलगद हातात आला. बुडाशी तपकिरी, गिळगिळीत, आणि वास नाकात बसेल असा. कंदकूज. अडीच महिने जपलेलं सगळं टाकून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं. थाळी काढा. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी खालून वाहून जाताना दिसतं.

बेण्यासाठी टपोरा, घट्ट, फुगीर डोळ्यांचा (डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो तो उंचवटा) जुना गड्डा निवडा. पातळ सालीचं कोवळं आलं नको. नुकत्याच काढलेल्या आल्याला उगवण्याआधी दोन-तीन महिने विश्रांती लागते. दोन-तीन डोळे येतील असे 30-40 ग्रॅमचे तुकडे करा आणि कापलेली बाजू सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत ठेवा. ओला काप मातीत गेला की तिथूनच कुजायला लागतो.

निम्मी माती, बाकी मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी चिकण माती भरलीत तर थाळी काढूनही उपयोग नाही, तीच पाणी धरून बसते. आधी एखादं रोप कुजलं असेल तर ती मातीही परत वापरायची नाही, रोग तिच्यातच राहतो. डोळा वर करून तुकडा दोन इंच खोल ठेवा. कोंब दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर माती फक्त ओलसर ठेवायची. आणि कृपा करून उकरून बघू नका, कोंब मोडतो.

सकाळचं ऊन, दुपारी सावली.

पाऊस लागला की परत एकदा वाकून कुंडीखाली बघा. घरात कोणी फरशी पुसताना थाळी पुन्हा सरकवत असेल तर तिथल्या तिथे सांगा. झड लागली तर कुंडी पत्र्याखाली घ्या. गड्डा उघडा पडला की मातीची भर द्या.

दिवाळीनंतर पाणी कमी करत जा. आठ-नऊ महिन्यांत पानं वाळतात, मग काढा. चहापुरतं हवं असेल तर सहाव्या महिन्यात कडेचा तुकडा मोडून घेता येतो. चांगले दोन गड्डे बेण्याला बाजूला ठेवा, कोरड्या वाळूत, सावलीला.