पदवीचा नियम कोठे ठरतो: सीमाभागातील नव्या अध्यापकांसाठी काही अनुभव

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथील पदवी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेले तरुण सहकारी पहिल्या सत्रातच एक प्रश्न विचारतात, आणि तो बहुधा तक्रारीच्या सुरात येतो: 'विद्यापीठाने असा नियम का केला?' बरीच वर्षे पदवीचे वर्ग घेतल्यानंतर आणि काही काळ अभ्यास मंडळाचा सदस्य म्हणून काम केल्यानंतर माझा सल्ला असा आहे की, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो नियम विद्यापीठाने केला आहे की राज्य शासनाने, हे शोधून काढावे. आपल्याला जाचणाऱ्या नियमांपैकी बरेचसे विद्यापीठात केवळ स्वीकारले जातात. जे नियम विद्यापीठात खरोखर घडतात, त्यांच्या घडण्याच्या काळात मात्र आपल्यापैकी फारच थोडे जण काही कळवतात.

घटनेप्रमाणे उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हा केंद्राचा विषय आहे, तर 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोग चौकट आखतो, राज्य शासन त्या चौकटीत किंवा तिच्याशी वाद घालत आपला आदेश काढते, आणि विद्यापीठ त्या आदेशाला विनियमांचे रूप देते. आपल्याकडील राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली स्थापन झाले. त्याआधी या भागातील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठ बदलले तरी त्याचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा, 2000 हाच राहिला. नव्या अध्यापकाने हा कायदा एकदा तरी चाळावा, कारण परिनियम, अध्यादेश आणि विनियम यांतला फरक त्यातूनच कळतो. प्रवेश, उपस्थिती, गुणविभागणी आणि उत्तीर्णतेच्या अटी या पदवीच्या विनियमांत असतात, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा ग्रंथ तोच.

विद्यापीठाच्या आतला मार्ग वरून दिसतो तितका गूढ नाही. विषयाचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो. या मंडळात विद्यापीठ विभागातील आणि संलग्न महाविद्यालयांतील अध्यापक असतात, आणि बाहेरील विद्यापीठांतील तज्ज्ञही असतात. तेथून तो विद्याशाखेकडे, पुढे अकॅडमिक कौन्सिलकडे, म्हणजे विद्या परिषदेकडे, आणि आवश्यक तेथे सिंडिकेटकडे, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाकडे, जातो. कुलपती म्हणजे राज्यपाल. परिनियमांना त्यांची संमती लागते. प्रवेश तोंडावर आले आणि बैठक घ्यायला वेळ नसला, तर कुलगुरू आपल्या अधिकारात निर्णय घेऊन तो नंतर संबंधित मंडळापुढे ठेवतात. परिपत्रकात 'मंजुरीच्या अधीन राहून' अशी ओळ दिसली की हा प्रकार आहे हे समजावे, आणि त्या परिपत्रकाची पुढची आवृत्ती येते का याकडे लक्ष ठेवावे.

हे सगळे कोरडे वाटेल, पण 2021 ते 2024 या काळात ज्यांनी वर्ग घेतले त्यांना ते फार जवळून कळले. ऑगस्ट 2021 मध्ये कर्नाटक शासनाने राष्ट्रीय शिक्षण धोरण त्याच शैक्षणिक वर्षापासून पदवीला लागू केले. पदवी चार वर्षांच्या ऑनर्सची झाली, मधल्या वर्षी बाहेर पडण्याची सोय आली, खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्याधारित पेपर आले, लेखी परीक्षेला 60 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 40 अशी गुणविभागणी आली, आणि प्रवेशापासून निकालापर्यंतचा व्यवहार यूयूसीएमएस या राज्यव्यापी पोर्टलवर गेला. राज्य उच्च शिक्षण परिषदेने विषयवार नमुना अभ्यासक्रम पाठवले होते. अभ्यास मंडळांपुढे प्रश्न होता तो आराखडा स्वीकारून त्यात आपल्या भागाला साजेसे काय बसवता येईल एवढाच. क्रेडिट (प्रत्येक पेपरला मिळणारे श्रेयांक) किती, तास किती, पेपर किती हे आधीच ठरून आले होते.

पुढे सरकार बदलले. ऑक्टोबर 2023 मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अंतरिम अहवालाच्या आधारे मे 2024 मध्ये शासनाने चार वर्षांची रचना मागे घेऊन 2024-25 पासून तीन वर्षांची पदवी आणि तीन विषयांची जुनी मांडणी परत आणली. आधी प्रवेश घेतलेल्या तीन तुकड्यांना इच्छा असल्यास चौथ्या वर्षाची वाट खुली ठेवण्यात आली. परिणामी एकाच इमारतीत, काही वेळा एकाच वर्गखोलीत, दोन वेगळ्या विनियमांचे विद्यार्थी वावरू लागले. म्हणून नव्या सहकाऱ्यांना मी पहिली सवय ही लावायला सांगतो की, विद्यार्थ्याने शंका विचारली की उत्तर देण्याआधी त्याचे प्रवेशवर्ष विचारावे. विद्यार्थ्याला सामान्यतः तो दाखल झाला त्या वर्षीचे विनियम लागू होतात. मागे राहिलेला पेपर तो कोणत्या अभ्यासक्रमाने देणार, हेही त्याच विनियमांतील संक्रमणाच्या कलमांवर ठरते. कार्यालयातील अनुभवी कारकुनाला हे प्राध्यापकांपेक्षा चांगले ठाऊक असते, हे मी कोणताही उपरोध न ठेवता लिहितो आहे.

मराठी भाषक अध्यापकाने सर्वांत बारकाईने पाहण्याची जागा भाषेच्या पेपरांची आहे. 2021 च्या रचनेत पहिल्या चार सत्रांत दोन भाषा होत्या. शासनाने त्यांपैकी एक जागा कन्नडला सक्तीने देण्याचे आदेश काढले, आणि शाळेत कन्नड न शिकलेल्यांसाठी व्यवहारोपयोगी कन्नडची सोय ठेवली. कागदावर हा एका भाषेपुरता निर्णय दिसतो, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या जागेवर इंग्रजी आणि मराठी समोरासमोर उभ्या राहतात, आणि नोकरीचा विचार करणारे घर इंग्रजीकडेच झुकते. मराठीचा पेपर कोणी रद्द केलेला नसतो. तो केवळ निवडला जात नाही. हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे, ज्यांची इच्छा नाही त्यांच्यावर कन्नड घेण्याची सक्ती करू नये, असे शासनाला सांगितले. माझे स्वतःचे मत विचाराल तर या जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. तहसील कार्यालयापासून बँकेपर्यंत ते त्याच्याच उपयोगाचे आहे. परंतु त्याची किंमत म्हणून मातृभाषेचा पेपर सुटावा, अशी रचना शहाणपणाची नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात.

या निवडीचा अध्यापकाच्या पोटापाण्याशीही संबंध आहे. भाषा घेणाऱ्यांची संख्या घटली की तुकडी घटते, तुकडी घटली की आठवड्याचे तास कमी होतात, आणि वर्कलोड कमी झाला की पहिला घाव अतिथी व्याख्यात्यावर पडतो. जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर बसण्याचे काम नव्या माणसाला कंटाळवाणे वाटते. ते टाळू नये. कोणत्या भाषा उपलब्ध आहेत हे विद्यार्थ्याला तेथेच सांगितले गेले नाही, तर पुढे सांगून उपयोग नसतो, कारण पोर्टलवर एकदा नोंदवलेली निवड बदलण्याची मुदत थोडी असते.

आता जे आपल्या हातात आहे त्याकडे येतो. भाषेची जागा किती आणि क्रेडिट किती हे वर ठरते, पण त्या जागेत कोणती पुस्तके शिकवायची, कविता किती आणि वैचारिक गद्य किती, प्रश्नपत्रिकेत दीर्घोत्तरी प्रश्नांना किती वजन, अंतर्गत गुणांसाठी चाचणी घ्यायची की प्रकल्प, यांवर अभ्यास मंडळात खरी चर्चा होते. मराठीच्या मंडळात माणसे थोडी असल्याने एकेका सदस्याच्या शब्दाला वजनही जास्त असते. एका बैठकीत तिसऱ्या सत्रासाठी एका चांगल्या कादंबरीवर आमचे जवळजवळ एकमत झाले होते. तेव्हा खानापूर तालुक्यातून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले की, ही कादंबरी सध्या छापलेली मिळते का, आणि मिळत असेल तर तिची किंमत काय. प्रकाशकाकडे चौकशी झाली, आवृत्ती संपलेली निघाली, आणि कादंबरीऐवजी सहज मिळणारा कथासंग्रह नेमला गेला. वाङ्मयीन गुणवत्तेचा निकष त्या दिवशी थोडा मागे पडला असे काहींना वाटले. मला तसे वाटत नाही, कारण झेरॉक्सच्या अर्धवट पानांवर शिकलेली कादंबरी ही शिकलेली कादंबरी नव्हेच.

स्वायत्त महाविद्यालयांत हा मार्ग आखूड असतो. त्यांची स्वतःची अभ्यास मंडळे आणि अकॅडमिक कौन्सिल असते, त्यांवर विद्यापीठाचे प्रतिनिधी बसतात, परीक्षा महाविद्यालय घेते आणि पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. अभियांत्रिकीचे जग वेगळे आहे: विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात असले तरी त्याची कक्षा राज्यभर आहे आणि तेथे तंत्रशिक्षण परिषदेचे निकषही लागतात.

सीमेपलीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार नव्या अध्यापकाने स्वतंत्रपणे करावा. चंदगड तालुक्यातील मुलाला बेळगाव जवळ पडते, पण चंदगडची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि महाराष्ट्राने 2024-25 मध्ये, म्हणजे कर्नाटकाने चार वर्षांची रचना सोडली त्याच वर्षी, राष्ट्रीय धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांना लागू केली. त्यामुळे एकाच गावातील दोन मित्र, एक इकडे आणि एक तिकडे, वेगळ्या लांबीची पदवी घेऊ शकतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या चौकटीत चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ते एका वर्षात करता येते, आणि 2022 च्या पीएच. डी. विनियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के गुण असतील तर थेट संशोधनाची पात्रताही मिळते. मध्येच विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला क्रेडिट जुळवून घ्यावे लागतात, आणि दोन्हीकडची विषयरचना वेगळी असल्याने ते दरवेळी जुळतातच असे नाही. प्रवेशाच्या वेळी हे सांगायला पाच मिनिटे लागतात.

सूचना पाठवायची असेल तर ती सत्र सुरू झाल्यावर पाठवून फायदा नसतो. पुढील वर्षाच्या अभ्यासक्रमाचे काम चालू वर्षाच्या दुसऱ्या सत्रातच सुरू झालेले असते. ती प्राचार्यांमार्फत, संबंधित मंडळाच्या अध्यक्षांच्या नावे, एका पानात लिहावी. सध्याचा पेपर कोणता, त्यातील कोणता घटक बदलायचा, त्याऐवजी काय ठेवायचे, ते पुस्तक कोठे मिळते आणि किती तासांत शिकवून होईल, एवढे त्यात असले पाहिजे. 'मराठीवर अन्याय होत आहे' असे पत्र भावनेने कितीही खरे असले तरी बैठकीच्या विषयपत्रिकेत त्याला जागा सापडत नाही. 'चौथ्या सत्रातील तिसऱ्या घटकाऐवजी अनुवादाचे उपयोजन ठेवावे, कारण आपले विद्यार्थी कन्नड आणि मराठी दोन्ही जाणतात' असे पत्र विषयपत्रिकेत येते, त्यावर चर्चा होते आणि नाकारले गेले तरी कारण इतिवृत्तात नोंदले जाते. त्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी आणि विभागाच्या फाइलला लावावी, म्हणजे पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा मांडताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.