घरात कुत्रा आणायचा तर दिवाळी होऊन जाऊ द्या

गोव्यात पिल्लू मिळवणं ही अडचण कधीच नसते. पावसाळा सरता सरता गावातल्या माद्या माजावर येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून वाड्यावाड्यावर कुणाच्या तरी गोठ्यामागे पिल्लं कुईकुई करायला लागतात. चुकते ती वेळ. मुलांना सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात आणलेलं पिल्लू ऐन लशींच्या दिवसांत पावसात सापडतं. अंगणात चिखल, उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो या जिवाणूजन्य तापाची भीती, बाहेर न्यायची सोय नाही. ते जरा रुळतंय तोवर चवथ म्हणजे गणेश चतुर्थी येते आणि घर पाहुण्यांनी भरतं. मग दिवाळीतलं नरकासुराच्या रात्रीचं पहाटेपर्यंतचं संगीत आणि फटाके. हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत अंगावर आलेला कुत्रा पुढे आवाजाला बिचकतो, आणि दोष मात्र त्याच्या जातीला दिला जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पिल्लू आणा. हवा कोरडी असते, एप्रिलपर्यंत लशी पुऱ्या होतात आणि जूनचा पहिला पाऊस येतो तेव्हा ते बाहेर शी-शू करायला शिकलेलं असतं.

कुठला कुत्रा

अंगण असलेल्या, माणसांची ये-जा असलेल्या घराला गावठी मादीसारखं दुसरं काही नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. केस आखूड, त्यामुळे पावसात भिजली तरी लवकर सुकते. उकाडा सोसते, राखणही करते. मात्र वेळेवर नसबंदी करायची. कुडचड्याचं गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट किंवा आसगावचं डब्ल्यूव्हीएस (वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस) यांसारख्या संस्थांकडे दत्तक घेण्याविषयी विचारता येतं.

लॅब्रॅडोर मुलांबरोबर छान राहतो, पण गोव्याच्या दमट हवेत त्याचे लोंबते कान आणि दाट अंतर्लोकर कायम ओली राहते. कानात बुरशी, मानेवर ओलसर फोड, आणि खादाडपणामुळे वाढलेलं वजन हे ठरलेलंच. जर्मन शेफर्डलाही दाट लोकरीचा हाच त्रास, वर कंबरेच्या सांध्यांचं दुखणं. पगसारखी चपट्या नाकाची जात एप्रिलच्या दुपारी नुसती चालवली तरी धापा टाकते. कुत्र्याला घामातून अंग थंड करता येत नाही, धापेतूनच करावं लागतं, आणि नाकच आखूड असेल तर ते जमत नाही. हस्कीबद्दल बोलायलाच नको. बीगल गोड दिसतो, पण नाकामागे धावत कुंपण ओलांडतो आणि रो-हाउसच्या वस्तीत त्याचं भुंकणं शेजाऱ्यांना नकोसं होतं. पिटबुल आणि रॉटवायलर यांच्याबाबत गोव्यात सरकारचं धोरण कडक होत गेलं आहे. पैसे देण्याआधी पंचायतीत किंवा पालिकेत आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पिल्लू पारखताना

बाजारात ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा जणू नियमच झाला आहे. तो चुकीचा आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून ‘किती जोर लावला की समोरचा किंचाळतो’ हे शिकतात. तेवढे दोन आठवडे चुकले की तो धडा तुमच्या मुलांच्या बोटांवर गिरवला जातो.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. तिच्याजवळ गेल्यावर ती गुरगुरत मागे सरत असेल तर पिल्लांतही भित्रेपणा उतरण्याची शक्यता मोठी. मग पिल्लू हातात घ्या. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त खाल्लेलं आहे. अंग हडकुळं आणि पोट तेवढं फुगलेलं, हेही जंतांचंच लक्षण. पाठीमागून टाळी वाजवा, कान वळले पाहिजेत. उताणं करून मांडीवर हलकेच धरा: थोडी धडपड करून शांत होणारं पिल्लू घरासाठी उत्तम. सतत चावणारं नको आणि लाकडासारखं ताठ पडून राहणारंही नको. कोपऱ्यात बसलेल्या पिल्लाची दया येते आणि तेच उचललं जातं. घरात लहान मुलं असतील तर तो मोह आवरा.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद आईबाप कोण एवढंच सांगतात. तब्येतीची हमी त्यात नसते.

लशी, जंत आणि गोचीड

डिस्टेंपर आणि पार्व्हो हे पिल्लांचे जीवघेणे विषाणूजन्य रोग आणि लेप्टो यांची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करतात आणि दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पुरे होईपर्यंत पुन्हा देतात. शेवटचा डोस टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लशींना निकामी करू शकते, म्हणून तो शेवटचाच डोस खऱ्या अर्थाने कामाचा ठरतो. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल तर त्याच अंगणात नवं, लस अपुरी असलेलं पिल्लू आणू नका. फरशी १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी यांनी धुवा, १० मिनिटं ओली ठेवा.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामागे ‘मिशन रेबीज’ या संस्थेचं घरोघर फिरून केलेलं लसीकरण आहे. म्हणून लस चुकवायची नाही. सिंधुदुर्ग आणि कारवारकडून येणाऱ्या कुत्र्यांना सीमा कळत नाही. लशीचा दाखला जपा, पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणीसाठी तो लागतो. जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून १२ व्या आठवड्यापर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी.

गोचिडांशी लढाई कुत्र्याच्या अंगावर अर्धीच असते. अर्धी भिंतीवर. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत ही तिची आवडती जागा. कुत्रा झोपतो तिथल्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा, गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका. कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे महिन्याची किंवा १२ आठवड्यांची गोळी द्या. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि जांघेत हात फिरवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावायचं नाही, बोटाने चिरडायची नाही. खाणं सुटलं, अंग तापलं, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडतापात दोन दिवस वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

खाणं

८ ते १२ आठवडे दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. भात-मासळी चालते, पण भात निम्म्याहून कमी हवा, मासळी बिनमिठाची उकडलेली, काटे काढलेली. सुकी मासळी नको, मीठ फार. चवथीच्या नेवऱ्यांतले (करंज्यांतले) मनुके आणि नाताळचा केक मूत्रपिंडाला घातक. काजूच्या हंगामात भाटात (बागायतीत) मोकळा सोडू नका: आंबलेल्या बोंडांत दारू असते आणि कच्च्या बियांच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं.

शिकवण

आधी घरातल्यांनी एकमत करावं. आजी ‘बस’ म्हणते, बाबा ‘खाली’, मुलं ‘सिट’, आणि कुत्रा गोंधळून तिघांकडे बघत उभा राहतो. पाच शब्द ठरवा, कागदावर लिहा, फ्रिजवर चिकटवा: बसायचा, येण्याचा, थांबण्याचा, सोडण्याचा आणि शू करण्याचा. एका बैठकीला ३ ते ५ मिनिटं, दिवसातून चारदा. बक्षीस वाटाण्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, आणि तोही बरोबर केल्यावर एका सेकंदाच्या आत. उशीर झाला की कुत्र्याला वाटतं, उठल्याबद्दलच मिळालं.

शी-शूसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी त्याच कोपऱ्यात न्या. घरात झालं तर नाक घासू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे करतो. फिनेलने पुसू नका, काही प्रकारचं फिनेल कुत्र्याला विषारी असतं. साबणाचं पाणी, मग व्हिनेगर. पाऊस लागण्याआधी बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, वाळूची परात ठेवून तिथेही करायला शिकवा, नाहीतर जुलैत भर पावसात उंबऱ्यावर उभा राहून तो रुसेल.

आता पदेराचं, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचं. गोव्यातल्या निम्म्या कुत्र्यांची त्याच्याशी दुश्मनी असते, कारण कुत्र्याच्या हिशेबाने तो रोज जिंकतो: भोंगा वाजला, मी भुंकलो, तो निघून गेला. हे मोडायला पदेराची ठरलेली वेळच उपयोगी पडते. तो यायच्या दहा मिनिटं आधी पिल्लाला घेऊन आतल्या खोलीत बसा. लांबून पहिला भोंगा ऐकू आला की लगेच एक तुकडा. भोंगा चालू आहे तोवर तुकडे चालू, थांबला की तेही बंद. आठवडाभर हेच. मग पट्टा बांधून बाल्कावावर, मग गेटपासून चार-पाच मीटरवर. भोंगा वाजताच पिल्लू रस्त्याकडे न बघता तुमच्या हाताकडे बघू लागलं, की पुढची पायरी. भुंकलं, तर तुम्ही घाई केली. एक पायरी मागे या, रागावू नका. मासळीवालीलाही हीच रीत. फटाक्यांसाठी मोबाइलवर आवाज अगदी बारीक लावून असंच उन्हाळ्यापासून सुरू करा.

हाक मारल्यावर येणं पाच मीटरच्या दोरीवर शिकवा. आल्यावर कधीही शिक्षा नको, चप्पल कुरतडलेली असली तरी.

रात्री बाहेर साखळीने बांधू नका. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत बिबटा अंगणातला कुत्रा उचलतो. डिचोली आणि फोंड्याच्या जंगलालगतच्या वाड्यांनीही गाफील राहू नये. सकाळी तोंड एकाएकी सुजलेलं दिसलं तर सर्पदंश समजा: न चालवता उचलून दवाखान्यात न्या, काही आवळून बांधू नका.

पैदास करायची का?

बहुतेक घरांनी करू नये. ‘एकदा तरी व्यायली पाहिजे, नाहीतर आजारी पडते’ ही समजूत खोटी आहे. उलट, नसबंदी न केलेल्या मादीला माज सरल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. खूप पाणी पिते, उलट्या करते, मागून घाण वास येतो, तर ते तातडीचं समजा. मोकाट कुत्र्याशी संबंध आला तर जननेंद्रियावर रक्ताळलेली गाठ येऊ शकते. हा संसर्गानेच पसरणारा कर्करोग आहे, आणि नरालाही होतो. लहान-मध्यम आकाराच्या कुत्र्यांची नसबंदी सहाव्या महिन्याच्या आसपास, मोठ्या जातींची वर्ष ते दीड वर्षाने.

तरीही करायचीच असेल तर राज्य पशुकल्याण मंडळाकडे प्रजननकर्ता म्हणून नोंदणी करा. नियमानुसार मादी १८ महिन्यांहून लहान किंवा ८ वर्षांहून मोठी नको, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून अधिक नाही. दोघांच्या कंबरेचा एक्स-रे आणि ब्रुसेला या समागमातून पसरणाऱ्या जिवाणूची रक्ततपासणी आधी. आणि पिल्लं घेणारी किमान सहा घरं नावानिशी लिहून काढता येत नसतील, तर बेत तिथेच सोडा.

माजाच्या रक्तस्रावाचा नववा ते पंधरावा दिवस साधारण उपयोगाचा, पण दिवस मोजून फसगत होते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करून डॉक्टर सांगतील तो दिवस धरा. जोडी अडकली की १० ते ३० मिनिटं तशीच राहते. ओढून वेगळी केल्यास दोघांनाही इजा होते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवस. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सोनोग्राफी, ५५ दिवसांनंतर एक्स-रे, म्हणजे पिल्लं किती ते कळतं आणि एखादं आत राहिलं तर लक्षात येतं.

गाभण मादीला ‘ताकदीसाठी’ कॅल्शियम पाजणं ही आपल्याकडची हमखास चूक. बाहेरून मिळालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम सोडायचं विसरतं, आणि दूध उतरल्यावर मादी थरथरायला लागते, झटके येतात. त्याऐवजी शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांचं खाद्य द्या.

शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजा. एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. तो ९९ च्या खाली गेला की बहुधा २४ तासांत कळा. जोर लावून अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा पहिल्या पिल्लाआधी हिरवा स्राव आला, तर गाडी काढा. पहिला आठवडा पिल्लांजवळ ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी. जानेवारीच्या पहाटे सत्तरीत ती आपोआप मिळत नाही. रोज ठरल्या वेळी किचनच्या काट्यावर वजन करा. दहाव्या दिवसापर्यंत जन्मवेळचं वजन दुप्पट व्हायला हवं, आणि ज्याचं एका दिवसात वाढलं नाही त्याला आईच्या मागच्या, जास्त दूध असलेल्या सडांना लावा.

आठ आठवड्यांनी पिल्लू देताना लशीचं कार्ड, जंतांच्या औषधाच्या तारखा, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि आईच्या अंथरुणाचा एक तुकडा बरोबर द्या, आणि नको झालं तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल असं घेणाऱ्याकडून लिहून घ्या.