मालकाच्या डॉक्टरकडे तपासणीला जाताय? या चुका टाळा

कामावर अपघात झाला, भरपाईची नोटीस दिली, आणि मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून निरोप आला की अमुक दिवशी आमच्या डॉक्टरला दाखवा. इथून पुढे माणसं जे घोळ घालतात ते मी इतक्या वेळा निस्तरलेत की कामगार संघटनेच्या ऑफिसात नवा माणूस येऊन बसला की तो काय करून आलाय, याचा अंदाज मला तो बोलायच्या आधीच येतो.

‘बरं आहे साहेब’

सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक ही.

पॉवर प्रेसवरचा एक ऑपरेटर होता, वय ३५. उजवा पंजा डायखाली चेपला. बोटं वाचली, पण मूठ मिटेना. मालकाच्या डॉक्टरनं विचारलं, “काय, कसं आहे आता?” हा म्हणाला, “बरं आहे साहेब.” जेवता येतं? येतं. कपडे घालता येतात? येतात. पाच मिनिटांत तपासणी आटोपली. गडी खुशीत बाहेर आला, डॉक्टर फार चांगला माणूस आहे म्हणाला.

रिपोर्ट आला: बोटं शाबूत, विशेष तक्रार नाही, रोजची कामं स्वतः करतो.

खरं काय होतं? जेवत होता डाव्या हातानं, चमच्यानं. शर्टाची बटणं बायको लावत होती. पाण्याची बादली उचलायची तर कोपरात अडकवून. पण हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. कोर्टात मालकाच्या वकिलानं तेवढी तीन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. मग आम्हाला दुसरे हाडांचे डॉक्टर साक्षीला आणावे लागले. कधी डॉक्टरांना वेळ नाही, कधी कोर्टात नंबर लागला नाही, असं करत वर्ष गेलं.

यात पैसा किती अडकलेला असतो बघा. अवयव तुटला असेल तर कमाईक्षमता किती टक्के गेली हे कायद्याच्या परिशिष्टातच ठरलेलं आहे: अंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४. पण अवयव जागेवर आहे आणि चालत नाही, तिथं टक्के डॉक्टर ठरवतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक असा हिशेब असतो. १५,००० पगार आणि ३५ वर्षं वय धरलं तर गुणक १९७.०६, म्हणजे पूर्ण रक्कम १७,७३,५४० रुपये. रिपोर्टात दहा टक्के इकडचे तिकडे झाले की १,७७,३५४ रुपयांचा फरक पडला.

मी आता एकच करतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी माणसाला समोर बसवतो आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एकेक काम विचारतो. ‘येतं’ हे उत्तर मी घेतच नाही. कसं येतं? कुठल्या हातानं? किती वेळात? मध्ये थांबावं लागतं का? तो बोलतो तसं वहीत लिहितो आणि ते पान त्याच्या खिशात देतो. खोटं काही शिकवत नाही, पण खरं सांगायलाही माणसाला आदल्या रात्री उजळणी लागते.

‘हात वर उचलूच नकोस’

हा सल्ला देणारे हुशार लोक प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांचं ऐकू नका. अस्थिरोगतज्ज्ञ दोन्ही हातांचे दंड आणि मनगटाच्या वरचा भाग टेपनं मोजतो. हात खरंच महिनोन्‌महिने वापरात नसेल तर स्नायू बारीक झालेले असतात. पकडीची ताकद यंत्रावर चार-पाचदा घेतो आणि मुद्दाम कमी जोर लावणाऱ्याचे आकडे अनेकदा वरखाली होतात. तळहातावरचे घट्टे, नखांतलं ग्रीस, सगळं दिसत असतं. एकदा ‘सोंग’ हा शिक्का बसला की खरं दुखणंही कुणी ऐकत नाही. दहापैकी सहा दुखत असेल तर सहाच सांगा.

रागानं न जाणं

“त्यांचा डॉक्टर त्यांचंच लिहिणार, कशाला जायचं?” राग मला समजतो, पण जा. तुमची नोटीस मालकाला मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत त्यानं फुकट तपासणी देऊ केली तर ती करून घ्यावीच लागते. सबळ कारण नसताना नकार दिला तर नकार चालू असेपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो. तपासणी न करता गावी निघून गेलात तरी तेच. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात हे होतं, त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. हलताच येत नसेल तर तसं डॉक्टरकडून लिहून घ्या आणि कळवा. त्या जुन्या कायद्याखालच्या १९२४ च्या नियमांनी अशा माणसाला घराबाहेर बोलवायला मनाई केली होती, आणि संमतीशिवाय संध्याकाळी ७ ते सकाळी ६ ही वेळ द्यायलाही.

टक्के कशाचे, हेच न विचारणं

सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला आणायचा, त्यावर ‘४० टक्के’ वाचायचं आणि आपली केस ४० टक्क्यांची समजायची, हे नेहमीचंच. तो दाखला शरीराचा. भरपाई मिळते कमाईची ताकद किती गेली त्यावर. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात १९७५ साली हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, त्यामुळे हे पूर्ण अपंगत्व.

म्हणून डॉक्टरला नुसतं ‘कंपनीत होतो’ सांगू नका. कुठलं मशीन, किती किलोचा जॉब उचलायचा, कुठला हात, पाळीत किती नग काढायचे, हे सांगा. नाहीतर ‘हलकं काम करू शकतो’ असं लिहून मोकळे होतात. ते हलकं काम तुम्हाला देणार कोण, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसतो.

आता बाकीचं भराभर.

एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद हातचे सोडू नका. न वाचता येणाऱ्या इंग्रजी कागदावर सही करू नका. कोऱ्यावर तर नाहीच. उपचार मध्येच सोडू नका, कारण ते घेतले असते तर दुखापत जेवढी राहिली असती तेवढीच धरली जाऊ शकते. हातावर थोडे पैसे टेकवून ‘मिटवून टाकू’ म्हणतील तेव्हा घाई करू नका. एकरकमी तडजोड सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात भरपाई आयुक्तांकडे) नोंदवायची असते, आणि हक्क सोडल्याचा खाजगी कागद कायद्यात टिकत नाही. पगारातून ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, हप्ता कापला जात असेल तर तुमचा रस्ताच वेगळा, तिथं टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं.

आणि सोबत कुणाला तरी न्या, पण बोला तुम्हीच. एका पेशंटचा मेहुणा आत जाऊन इतकं बोलला की डॉक्टरनं सगळी माहिती त्याच्याकडूनच घेतली. मेहुण्याला कुठला हात, हेसुद्धा नीट माहीत नव्हतं.