पलीकडे एक कान बसवा: दूरच्या डॉक्टरांचा ऑनलाइन वर्ग घेण्याआधी

लॅपटॉप चार्ज असावा, खिडकीकडे पाठ करून बसू नये, पंखा मंद ठेवावा. कोविडपासून हे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर शब्द घालवत नाही. ही यादी लिहितेय ती मुख्यतः एका गोष्टीसाठी, जी मी विसरले होते आणि विसरलेय हे मला चार दिवस कळलंही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आठ प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी मी हृदयाच्या झडपांवर वर्ग घेतला. स्लाइड झकास, लाइन उत्तम, मंडळी वेळेवर. मग मी ठोक्यांच्या क्लिप लावल्या. आधी निरोगी हृदय, मग मायट्रल स्टेनोसिस (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद होणं), मग एऑर्टिक, म्हणजे महाधमनीच्या तोंडावरच्या झडपेचा दोष. माझ्या हेडफोनमध्ये नुसतं घुमत होतं. "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" "हो मॅडम." मी अकरा मिनिटं फरक समजावत बसले. चार दिवसांनी त्यांतलेच एक डॉक्टर पेशंट घेऊन आमच्या वॉर्डात आले. जाता जाता म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण त्या दिवशी तुमचा आवाज येत होता, ठोक्यांचं काहीच आलं नाही. मला वाटलं, माझ्याच कानाचा दोष." बाकीच्या सातही जणांना फोन लावले. आठ जणांनी अकरा मिनिटं शांतता ऐकली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की दोष आपल्याच कानाचा.

त्यांचं काही चुकलं नाही. सीनियरला आठ जणांसमोर "मॅडम, काही येत नाहीये" असं कोण म्हणणार? चूक माझी. मी "येतंय ना?" असं विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे 'हो' असंच असतं.

आता कारण. मीटिंगचं कुठलंही ॲप माणसाचं बोलणं पोचवायला बनवलेलं असतं. बोलणं नसेल ते त्याच्या लेखी कचरा: पंखा, पाऊस, शेजारचा मिक्सर. हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले, एकसुरी, ठरावीक अंतराने येणारे, म्हणजे त्याच्या दृष्टीने पंखाच. पहिले दोन-तीन ठोके कदाचित जाऊ देतं, मग गिळून टाकतं. त्यातून मायट्रल स्टेनोसिसची ती घरघर सगळ्यात खालची, शंभर हर्ट्‌झच्या आसपासची. जुन्या टेलिफोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढंच वाहायची, म्हणजे फोनवरून ती कधीच गेली नसती. आणि ॲपने सोडली तरी मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतक्या खाली उतरत नाही. वर्गात आपण स्टेथोस्कोपची बेल (खालच्या पट्टीतले आवाज टिपणारी बाजू) लावून, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून जी ऐकवतो, ती घरघर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आपोआप जाईल, असं मला का वाटलं कोण जाणे.

म्हणून ही गाळणी, म्हणजे नॉइज सप्रेशन, बंद करा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, आणि स्क्रीन शेअर करतानाची 'शेअर साउंड'ची खूण विसरू नका. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद, आणि क्लिप ब्राउझरच्या टॅबमधून, त्या टॅबच्या आवाजासकट शेअर. क्लिप एका मोबाइलवर लावून तो लॅपटॉपच्या माइकसमोर धरणं हा प्रकार कृपा करून करू नका. ऐकणाऱ्यांना दोन्ही कानांत हेडफोन लावायला सांगा, साधे वायरवालेही चालतात.

पण हे सगळं करूनही तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही ऐकता तो आवाज तुमच्याच मशीनमधला असतो. तो गेला की नाही हे पलीकडचा कानच सांगू शकतो. म्हणून पलीकडे एक कान बसवा. एक ठरलेला माणूस, ठरलेल्या केंद्रावर, ज्याचं त्या तासातलं काम फक्त एवढंच: काय पोचलं ते खरं सांगणं. शक्यतो डॉक्टर नको, आपल्यासमोर संकोच न वाटणारं कुणीतरी. आमच्याकडे एका केंद्रावरच्या सिस्टर आहेत. पहिल्याच चाचणीत म्हणाल्या, "मॅडम, बैलगाडी गेल्यासारखं वाटतंय." एवढं सांगणारं माणूस मिळालं की जिंकलात.

त्या माणसाला "येतंय का?" असं विचारायचं नाही. "काय ऐकलं?" असं विचारायचं. तीन क्लिप क्रम न सांगता लावा आणि कुठली वेगळी वाटली ते कागदावर लिहायला सांगा. निरोगी ठोके आणि मर्मर (झडपेच्या दोषाचा जादा आवाज) यांतला फरकच उमटला नसेल, तर लाइन नापास, मग तुमच्या हेडफोनमध्ये काही का घुमत असेना. ही चाचणी आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच मशीनवर, वर्गाच्याच वेळेला करा. सकाळी नेट धावतं आणि दुपारी रांगतं.

त्याहून सोपा मार्ग मला नंतर सुचला. क्लिप लाइनवरून पाठवूच नका. आधीच प्रत्येक केंद्राला देऊन ठेवा, एक, दोन, तीन असे आकडे घालून. वर्गात म्हणा, "आता दोन नंबर लावा." प्रत्येक जण आपल्या मोबाइलवर, आपल्या हेडफोनमध्ये ऐकतो. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ईसीजी आणि एक्स-रेसुद्धा तसेच, साध्या फोटोसारखे पाठवलेत की दाबले जातात आणि ईसीजीची बारीक रेघ फुगते. आणि हो, हे केलंत तरी पलीकडचा कान लागतोच. फाइल उघडली की नाही, हे कोण सांगणार?

एका आवाजाचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. लहानपणी ऱ्हुमॅटिक फीवर (घसा दुखून गेल्यावर येणारा, झडपा खराब करणारा ताप) होऊन गेलेली मुलगी वर्षानुवर्षं बरी असते. मग तिला दिवस जातात, अंगातलं रक्त वाढतं, नाडी जलद होते, अरुंद झालेली झडप ते पेलू शकत नाही आणि दम लागायला लागतो. "पोटात बाळ आहे, दम लागणारच" असं घरचे म्हणतात. तिच्या छातीला पहिला स्टेथोस्कोप लावणारा बहुतेक वेळा प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर असतो. त्याने ती घरघर एकदा तरी नीट ऐकलेली असावी, यासाठी तर तो वर्ग होता.

यावरून आठवलं, तारीख. महिन्याची ९ तारीख घेऊ नका. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर मातांची तपासणी असते, डॉक्टर मान वर करू शकत नाही. गावचा आठवडी बाजार कुठल्या वारी असतो ते विचारा. बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट होते, आणि प्रत्येक केंद्राचा बाजार वेगळ्या वारी. लसीकरणाचा वारही विचारून घ्या. हे सगळं वगळून जो दिवस उरेल तो तुमचा, तुमच्या सोयीचा नसला तरी. वेळ दुपारी तीननंतरची.

वीज. सगळे लॅपटॉपची बॅटरी बघतात, राऊटर कुणी बघत नाही. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि नेट मरतं. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि फायबरचा तो छोटा डबा वेगळा असेल तर त्याचंही प्लग तिथेच. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या सिमचा एक मोबाइल हॉटस्पॉटसाठी तयार. स्पीड तपासताना बहुतेक लोक डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. शिकवणाऱ्याला लागतो तो अपलोड. लाइन खचली तर पहिल्यांदा कॅमेरा बंद करा. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत, व्हिडिओला त्याच्या दहा-पंधरा पट लागतात. माझं तोंड दिसलं नाही तर कुणाचं काही अडत नाही.

एका केंद्रावर पाच जण एकत्र बसणार असतील तर एकच मशीन, एकच माइक. दोघांनी शेजारी शेजारी लॅपटॉप उघडले की शिट्टी सुरू होते आणि सगळ्यांचे कान किटतात. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट या शिक्षणासाठीच्या उपग्रहावरून वर्ग चालायचे तेव्हा सिग्नल ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचा, प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जायचा. आता फायबरवर तेवढा उशीर होत नाही, पण म्यूट काढणं, एकमेकांकडे बघणं, "तुम्ही बोला" यात त्याहून जास्त जातो. मास्तर लोकांना शांतता सोसवत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मीही.

पेशंटची ओळख, ही गंमत नाही. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात नाव असतं, एक्स-रेवर छापलेलं असतं, सोनोग्राफीवर तर वय आणि तारीखही. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला म्हणजे नाव गेलं, असं समजू नका. कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, तो वेगळा डिलीट करावा लागतो. स्लाइडची फाइल वाटलीत की नावही वाटलंत. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या (दुरून उपचार करण्याच्या) मार्गदर्शक सूचनांवर विसंबू नका, आरोग्य कर्मचाऱ्यांचं शिक्षण त्यांनी आपल्या कक्षेबाहेरच ठेवलंय. त्यामुळे संमतिपत्र तुमचं तुम्हीच करा, मराठीत, पेशंटला वाचून दाखवून. 'उपचारासाठी' आणि 'शिकवण्यासाठी' अशा दोन वेगळ्या सह्या घ्या. पेशंट प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर येणार असेल तर पलीकडे कितीजण बघताहेत हे त्याला आधी सांगा. त्याने नको म्हटलं तर नको.

स्लाइड थोड्या आणि ठळक. निम्मे लोक मोबाइलवर बघणार आहेत, ओपीडीच्या टेबलाखाली धरून. बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदय दाखवणारा, अख्खा ईसीजी त्यांना मुंग्यांसारखा दिसतो. जी लीड दाखवायची तेवढीच मोठी करा.

व्याख्यान पंधरा मिनिटांचं, बाकी वेळ केस, आणि केस त्यांच्या. ही माझी कल्पना नाही. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपॅटायटिस सी साठी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला तो असाच. गावाकडचे डॉक्टर आणि तुरुंगांतले दवाखाने दर आठवड्याला आपले पेशंट पडद्यावर मांडायचे, आणि त्यातूनच शिकायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले तेव्हा विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्णांतला विषाणू गेला होता, गावाकडच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. केस कोण मांडणार हे दोन दिवस आधी फोन करून ठरवा. ग्रुपवर "कुणी केस मांडणार का?" असं टाकलंत तर फक्त अंगठे येतात. आणि मराठीत बोला. एका डॉक्टरांनी इंग्रजीत केस मांडताना निम्मा इतिहास गाळला, मराठीत विचारल्यावर कळलं की पेशंटच्या थोरल्या बहिणीलाही तोच आजार होता.

क्रेडिट पॉइंट द्यायचे असतील तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अर्ज आधी करावा लागतो, वर्ग झाल्यावर नाही. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० लागतात, लोक त्यासाठीही येतात, येऊ द्या. बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी दुसऱ्या परिषदेकडे असते, त्यांना हे पॉइंट उपयोगाचे नाहीत. हे आधीच सांगा, नाहीतर नंतर ओशाळायला होतं.

वर्गाच्या दिवशी अर्धा तास आधी लाइनवर या. मोफत झूम असेल तर चाळीस मिनिटांनी बंद पडतं, मग सगळ्यांना पुन्हा गोळा करत बसा. पलीकडच्या कानाचा मोबाइल नंबर कागदावर लिहिलेला असू दे, ज्या लॅपटॉपवर वर्ग चालू आहे त्याच्यात नको. वर्ग चालू असताना तुमचा फोन सायलेंट, पण समोर. त्या एका नंबरवरून मेसेज आला तर वाक्य अर्धं सोडून बघा.

रेकॉर्डिंग: आधी सगळ्यांना विचारून, पेशंटचा भाग सोडून. हजेरी: गूगल फॉर्म. सर्टिफिकेटवरची नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. अभिप्रायाचा फॉर्म कुणी खरा भरत नाही, त्यापेक्षा चार दिवसांनी दोघांना फोन करा. मला जे कळलं ते चार दिवसांनीच कळलं.

पुढचा वर्ग गुरुवारी आहे, मुलांचा दमा. म्हणजे पुन्हा छातीचे आवाज, या वेळी वरच्या पट्टीतले. शिट्टीसारखा व्हीझ ॲप जाऊ देईल असं वाटतं. वाटतं म्हणाले ना मी? सिस्टरना फोन करायचा राहिलाय, तो आत्ता लावते.