विणकाम गटात आपले काम कसे दाखवावे

विणकामाच्या गटात जाताना बहुतेक जण पूर्ण झालेला, धुऊन आकाराला आणलेला स्वेटर किंवा शाल बरोबर नेतात, ती सर्वांच्या हातून फिरते, कौतुक होते आणि ती पुन्हा पिशवीत जाते. कौतुक हवेच, कारण हजारो टाके एकेक करून घालण्यामागचे कष्ट स्वतः विणणाऱ्यांइतके दुसऱ्या कोणालाही कळत नाहीत. मात्र एवढ्यावरच थांबले, तर त्या वस्तूत साठलेली माहिती, म्हणजे लोकर कोणती घेतली, मुंढ्याची घट कशी केली, गळा दुसऱ्यांदा का विणावा लागला, ही सगळी विणणाऱ्यापाशीच राहते. वस्तू दाखवताना ती कशी तयार झाली हेही गटापुढे मांडावे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मताला धरून केल्या आहेत.

वस्तूबरोबर ठेवायची चिठ्ठी

प्रत्येक वस्तूबरोबर एक लहानशी चिठ्ठी न्यावी. तीत लोकरीचे नाव आणि घटक, म्हणजे ती शुद्ध लोकर आहे, ॲक्रिलिक आहे, सुती आहे की मिश्र आहे, रंगाचा क्रमांक आणि लॉट क्रमांक (म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक), एकूण किती ग्रॅम लोकर लागली, सुईची जाडी, धुतल्यानंतर 10 सेंटिमीटरमध्ये बसणारे टाके आणि ओळी, वस्तूचे तयार माप आणि मूळ नमुन्यात केलेले बदल एवढे लिहिलेले असावे. लोकरीच्या गुंड्यावरचा कागदी पट्टा जपून ठेवला, तर यातली निम्मी माहिती आयतीच मिळते. किती लोकर लागली हे आठवत नसेल, तर तयार वस्तूचे वजन करावे. मात्र नुसते वजन पुरेसे नाही, कारण 100 ग्रॅम बारीक लोकर साधारण 400 मीटर भरते, तर मध्यम जाडीची तेवढ्याच वजनाची लोकर जेमतेम 200 मीटरच्या आसपास असते. दुसऱ्या जातीची लोकर घेऊन तीच वस्तू विणू पाहणाऱ्याला लांबीच उपयोगी पडते, म्हणून वजनाशेजारी मीटरही लिहावेत.

सुईचा नंबर सांगण्याऐवजी तिची जाडी मिलिमीटरमध्ये सांगावी, असा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. जुन्या ब्रिटिश मोजणीत 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची असते आणि नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकी मोजणीत मात्र नंबराबरोबर जाडी वाढते आणि तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. एकीने नुसते ‘आठ नंबर’ म्हणावे, दुसरीने आपल्या डब्यातली आठ नंबरची सुई काढावी आणि कानटोपी डोळ्यांवर उतरावी, असे सहज घडू शकते. क्रोशाच्या टाक्यांच्या नावांतही हाच घोटाळा आहे, कारण ब्रिटिश पद्धतीत ज्याला ट्रेबल म्हणतात त्यालाच अमेरिकी पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. म्हणून क्रोशाचा नमुना दाखवताना नावे कोणत्या पद्धतीची आहेत, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.

टाक्यांचे मोजमाप लिहिण्याचा पुष्कळांना कंटाळा येतो, पण चिठ्ठीवरची सर्वांत मोलाची ओळ तीच असते. समजा, 10 सेंटिमीटरला 22 टाके या हिशेबाने कोणी 220 टाक्यांचा घेर घातला, तर तो 100 सेंटिमीटरचा होईल. ज्याचा हात थोडा सैल आहे आणि ज्याचे 10 सेंटिमीटरमध्ये 20च टाके बसतात, त्याच्या हातून तेच 220 टाके 110 सेंटिमीटरचा स्वेटर तयार करतील, म्हणजे जवळजवळ पुढच्या मापाचा. लोकर तीच, सुई तीच, नमुना तोच, तरीही हाताच्या ओढीमुळे हा फरक पडतो. यासाठी विणण्यापूर्वी केलेला नमुन्याचा चौकोनी तुकडा उसवून न टाकता, धुऊन वाळवून चिठ्ठीला टाचून आणावा. त्यावर बोट फिरवून लोकरीचा पोत कळतो, पट्टी ठेवून टाके मोजता येतात आणि मूळ वस्तूची ओढाताणही होत नाही.

अर्धवट काम आणि उलटी बाजू

पूर्ण वस्तूपेक्षा सुईवर असलेले काम गटाला अधिक शिकवते, असे मला वाटते. तयार स्वेटरमध्ये चूक दिसली तरी आता फारसे काही करता येत नाही, पण बाही निम्मी झालेली असताना तीच चूक दिसली, तर ती सुधारता येते आणि सुधारताना बाकीच्यांनाही पाहता येते. त्यामुळे ‘अजून दाखवण्यासारखे काही झालेले नाही’ म्हणून रिकाम्या हाताने येणाऱ्यांना पुढच्या वेळी सुईवरचे काम तसेच घेऊन येण्यास आवर्जून सांगावे.

उदाहरण घ्यायचे तर पिळलेल्या टाक्यांचे घेता येईल. नवशिक्या व्यक्तीने एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणलेले कापड जवळून पाहिल्यास कधी कधी एकाआड एक ओळी वेगळ्या दिसतात. एका ओळीतले टाके इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मोकळे असतात, तर दुसऱ्या ओळीत त्यांच्या दोन्ही बाजू तळाशी एकमेकींवर चढलेल्या असतात आणि कापड किंचित तिरके ओढले गेल्यासारखे वाटते. उलट टाका घेताना लोकर सुईभोवती नेहमीच्या विरुद्ध दिशेने गुंडाळली जाते, त्यामुळे तो टाका सुईवर उलटा बसतो, आणि पुढच्या सुलट ओळीत सवयीने त्याच्या पुढच्या बाजूतून सुई घातली की त्याला पीळ पडतो. उलट ओळीत लोकर गुंडाळण्याची दिशा बदलावी, किंवा सुलट ओळीत टाक्याच्या मागच्या बाजूतून सुई घालावी, असे दोन्ही उपाय चालतात. पुष्कळ जण आयुष्यभर दुसऱ्या पद्धतीने उत्तम विणतात, तेव्हा त्यांची पद्धत चुकीची ठरवण्याचे कारण नाही. हे सगळे शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो, तर सुईवरच्या चार टाक्यांवर ते क्षणात दाखवता येते.

वस्तू उलटी करून दाखवण्याचा संकोच ठेवू नये. लोकरीची टोके कशी आणि कुठे ओवून घेतली, शिवण कोणत्या टाक्याची आहे, दोन गुंडे कुठे जोडले, हे सगळे आतल्या बाजूलाच कळते. दोन रंगांच्या विणीत तर खरी परीक्षा मागच्या बाजूला होते, कारण न वापरलेल्या रंगाचा मागून जाणारा धागा जास्त ओढला गेला की पुढची नक्षी चुरगळते आणि बाही हातात चढत नाही. हा धागा पाच-सहा टाक्यांहून लांब जात असेल, तर मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवून घ्यावा लागतो. तो कुठे अडकवला हे मागून पाहिले की नक्षीचे अर्धे रहस्य उलगडते. एकाच रंगाच्या पण वेगवेगळ्या लॉटच्या लोकरीतला फरक लपवण्यासाठी दोन गुंडे दोन-दोन ओळींआड वापरले असतील, तर त्या अदलाबदलीच्या खुणाही कडेला दिसतात आणि तीही दाखवण्यासारखीच गोष्ट आहे.

दुसऱ्याच्या हातात देताना

सुईवरचे काम फिरवण्यापूर्वी सुयांच्या टोकांना टोप्या लावाव्यात किंवा टाके जाड दोऱ्यावर उतरवून घ्यावेत. जाळीची नाजूक वीण असेल, तर एक खबरदारी अवश्य घ्यावी: लोकरीहून बारीक, गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा सुती दोरा शिवणाच्या सुईत ओवून सुईवरच्या सर्व टाक्यांमधून आडवा काढावा आणि तो तसाच राहू द्यावा. नंतर टाके सुटले किंवा कोणी शिकवण्यासाठी पुढे चार ओळी विणून पाहिल्या आणि त्या उसवाव्या लागल्या, तरी वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि टाके तिथून पुन्हा सुईवर घेता येतात.

पाहणाऱ्यांनी हात धुऊन, कोरडे करून वस्तू घ्यावी आणि टोकदार खड्यांच्या अंगठ्या काढून ठेवाव्यात. वस्तू खांद्याला धरून लोंबत ठेवण्यापेक्षा टेबलावर पसरून पाहणे चांगले, कारण विणलेले कापड स्वतःच्या वजनाने ताणले जाते. दुसऱ्याचे काम न विचारता पुढे विणू नये. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी असते आणि मध्येच आलेली ती एक ओळ पुढे कायम वेगळी दिसत राहते.

प्रश्न आणि सूचना

काम पाहिल्यावर ‘किती दिवस लागले’ हा प्रश्न हटकून येतो. तो निरुपद्रवी असला तरी त्यातून फारसे काही हाती लागत नाही. ‘गळ्याचे टाके कसे उचलले’, ‘हीच लोकर पुन्हा घ्याल का’, ‘कोणत्या ठिकाणी अडले होते’ असे विचारले की विणणारी व्यक्ती मोकळी होते आणि चिठ्ठीत न आलेली माहिती बाहेर पडते.

चूक दिसल्यास आधी ‘सूचना हवी आहे का’ असे विचारावे आणि नकार आला, तर खरोखरच गप्प राहावे. यातही तारतम्य हवे. काही ओळी खाली सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर आणता येतो, नक्षीतला चुकीच्या रंगाचा टाका शिवणाच्या सुईने योग्य रंगाची लोकर त्यावरून फिरवून झाकता येतो, म्हणून अशा चुका हळूच नजरेस आणून देणे हे मदतीचेच काम आहे. याउलट भेट देण्यासाठी बांधून ठेवायच्या शालीत मध्यावर नक्षीतला एक पीळ उलटा पडला आहे, हे सांगून कोणाचेच भले होत नाही. नवख्या सदस्यांचे काम आधी पाहावे, असाही नियम गटाने करावा. अनुभवी हातांच्या गुंतागुंतीच्या शालीनंतर साध्या पट्टीचा स्कार्फ पुढे करायला धीर लागतो.

नमुना कोणाचा आहे हे सांगणे हा साधा प्रामाणिकपणा आहे. विकत घेतलेल्या नमुन्याच्या लिखित मजकुरावर आणि आराखड्यावर सामान्यतः त्याच्या रचनाकाराचा हक्क असतो, त्यामुळे त्याच्या प्रती काढून गटात वाटू नयेत. रचनाकाराचे नाव सांगावे, नमुना कुठे मिळाला ते सांगावे आणि ज्याला हवा असेल त्याने तो स्वतः घ्यावा. नक्षीचा पीळ कसा घालावा, मोज्याची टाच कशी वळवावी ही तंत्रे मात्र सर्वांची आहेत आणि ती मोकळेपणाने शिकवावीत. छायाचित्र काढण्यापूर्वी विणणाऱ्याची परवानगी घ्यावी. फ्लॅशमुळे टाक्यांचा उठाव नाहीसा होतो, म्हणून खिडकीजवळ बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढावे.

सर्वांनी मिळून एक वस्तू

काही बैठकांनंतर गटाला एकत्र काहीतरी विणावेसे वाटते आणि बहुधा चौकोनांच्या गोधडीवर एकमत होते. 20 सेंटिमीटरचे 30 चौकोन, आडवे पाच आणि उभे सहा असे जोडले, तर 100 बाय 120 सेंटिमीटरची गोधडी होते. येथे सर्वांना ‘40 टाके घाला’ असे सांगितले, तर कोणाचा चौकोन 18 सेंटिमीटरचा येईल, कोणाचा 22चा, आणि जोडणाऱ्याच्या नाकी नऊ येतील. त्यापेक्षा कोपऱ्यापासून तिरका विणायचा चौकोन ठरवावा. दोन-तीन टाक्यांनी सुरुवात करून सगळ्या ओळी सुलट विणाव्यात आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवत जावे. कडेची बाजू न ताणता मोजल्यावर 20 सेंटिमीटर भरली की प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका घटवत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत यावे. यात टाके मोजायचेच नसल्यामुळे सैल हात आणि घट्ट हात दोघांचेही चौकोन एका मापाचे येतात, फक्त पोत थोडा वेगळा दिसतो.

लोकरीचा घटक मात्र सर्वांनी एकच ठेवावा, याबाबतीत कोणाचीही भीड बाळगू नये. साधी शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून घट्ट होते, तर ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकत्र आले, तर एका धुण्यातच गोधडी आक्रसून वेडीवाकडी होते. प्रत्येकाने चौकोनाच्या शेवटी 30 सेंटिमीटरचे टोक शिवणीसाठी सोडावे आणि बाकीची टोके ओवूनच चौकोन द्यावा, नाहीतर ते कंटाळवाणे काम जोडणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या गळ्यात पडते. निम्मे चौकोन जमले की ते एकदा जमिनीवर मांडून रंगांची रचना सर्वांनी मिळून ठरवावी, कारण कोणत्या रंगाचे चौकोन कमी पडत आहेत हे तेव्हाच लक्षात येते आणि उरलेले चौकोन त्या हिशेबाने वाटून देता येतात. गोधडी जोडून झाल्यावर तिच्या मागच्या कोपऱ्यात कापडाची लहान पट्टी शिवावी आणि तिच्यावर लोकरीचा घटक व धुण्याची रीत न पुसणाऱ्या शाईने लिहावी, म्हणजे गोधडी ज्याच्या घरी जाईल त्याला ती पहिल्यांदा धुताना कोणाला विचारावे लागणार नाही.