काटा, चुना आणि काळं लोखंड: रसायनशास्त्राचा जन्म मुलांना घरी कसा दाखवावा

आधी काटा घ्या. सराफाकडं असतो तसा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. बर्नर नसला, परीक्षानळ्या नसल्या तरी अडत नाही. काट्यावाचून अडतं.

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवलं. आता संध्याकाळी घराच्या सोप्यावर गल्लीतली मुलं येतात. त्यांना रसायनशास्त्राचा इतिहास सांगताना मी सनावळीनं सुरुवात करत नाही. त्या काळच्या माणसांनी जे तोललं, ते आधी मुलांच्या हातून तोलून घेतो.

गोष्ट सांगायची ती सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट या वैद्याची. त्यानं 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं आणि मातीत जेमतेम दोन औंस घट आली. झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवलं. हे 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. आपण सिलिंडरला ‘गॅस’ म्हणतो तो शब्दही त्याचाच, पण झाडाच्या हिशेबात हवा धरायची राहून गेली. इथं थांबा आणि चूक कुठं झाली ते मुलांना शोधू द्या. लगेच उत्तर सांगू नका.

मग बाटली घ्या. कोल्ड्रिंकची एक लिटरची, जाड, झाकण घट्ट बसणारी. तळाला दोन लिंबांचा रस. टिश्यू पेपरात एक ग्रॅम खायचा सोडा बांधून आत टाका, झटकन झाकण लावा आणि लगेच काट्यावर ठेवा. सोडा एक ग्रॅमच, जास्त घातला तर बाटली फुटायची भीती. फसफस चालू असताना आकडा हलत नाही. फेस बसल्यावर झाकण सैल करा. फुस्स आवाज येतो आणि आकडा खाली उतरतो. “सर, वजन कमी झालं की! कुठं गेलं?” हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की पुढचं सगळं सोपं जातं.

कुठं गेलं, ते चुन्यानं दाखवायचं. पानपट्टीवरचा चुना, आमच्याकडं कन्नड घरातली मुलं सुण्णा म्हणतात तोच, चमचाभर घ्या. बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची नितळ निवळी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. तिच्यात स्ट्रॉनं हळू फुंकायचं. ओढायचं नाही, डोळ्यांत उडू द्यायचं नाही. निवळी दुधाळ होते, कारण बाटलीतून निसटला तोच वायू, कार्बन डायऑक्साइड, आपल्या श्वासातही असतो. फुंकत राहिलं तर पुन्हा नितळ होऊ लागते, म्हणून वेळेवर थांबा. उरलेली निवळी उघड्या वाटीत ठेवून द्या. सकाळी वर पातळ, ठिसूळ साय धरलेली असते, बोट लावलं की पापुद्र्यासारखी फुटते. वाटीत कुणी फुंकलेलं नसतं. साध्या हवेतही तोच वायू थोडा असतो, त्याची ही साय. एडिंबरोतला जोसेफ ब्लॅक मूतखड्यावर औषध शोधता शोधता या वायूपाशी पोचला. 1754 च्या प्रबंधात आणि 1756 च्या लेखात त्यानं पदार्थ तापवण्याआधी आणि नंतर तोलून दाखवलं, की घटलेलं वजन या ‘बद्ध हवे’चं आहे. हवा एकच नसते, हवेचेही प्रकार असतात, हे तेव्हा कळू लागलं.

आता जळणं. जर्मनीतल्या श्टालच्या मताप्रमाणे जळणाऱ्या वस्तूत फ्लोजिस्टन असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. हे मत मूर्खपणाचं होतं असं मुलांना सांगू नका. लाकूड जळून मूठभर राख उरते, ते पाहून कुणालाही हेच पटेल. धातू मात्र अडवतो. फर्निचर पॉलिशवाले वापरतात ते बारीक लोखंडी स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानातून आणा, घरातली चकचकीत घासणी चालत नाही. धुऊन, पूर्ण वाळवून, दोन-तीन ग्रॅम पिंजून घ्या. पत्र्याच्या ताटलीसकट तोला. अंगणात नेऊन ताटलीतच मोठ्या माणसानं पेटवावं, ठिणग्या उडतात, मुलं लांब. थंड झाल्यावर सांडलेला कण न कण गोळा करून पुन्हा तोला. “जळून वजन वाढालंय!” धातूचं भस्म धातूपेक्षा जड असतं, हे झां रे या फ्रेंच वैद्यानं 1630 मध्येच लिहिलं होतं. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1 नोव्हेंबर 1772 ला सीलबंद टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ठेवलं, त्यात गंधक आणि फॉस्फरसही जळून जड होतात असं होतं.

वाढलेलं वजन हवेतूनच आलं, हे दाखवायला मेणबत्तीवर ग्लास उपडा घालण्याचा प्रयोग करू नका. पाणी चढतं ते बरंचसं तापलेली हवा निसटून उरलेली थंड झाल्यामुळं. हे लक्षात येईपर्यंत मी वर्षानुवर्षं तो प्रयोग ‘पाचवा हिस्सा हवा संपली’ म्हणून शिकवला, त्याची खंत अजून आहे. त्याऐवजी धुतलेलं स्टील वूल व्हिनेगरमध्ये बुडवून झटका आणि सरळ कडांच्या ग्लासच्या तळाशी ठासा. ग्लास पाण्याच्या ताटात उपडा ठेवा, पाण्याच्या रेषेवर रबरबँड लावा. गंजणं म्हणजे सावकाश जळणंच. दोन-तीन दिवसांत पाणी साधारण पाचव्या हिश्श्याइतकं चढून थांबतं. लोखंड उरलेलं असतं, तरी पाणी पुढं सरकत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा प्रयोग मुलं रोज सकाळी येऊन बघतात.

लाव्हाझिएनं हेच पाऱ्यावर केलं. बारा दिवस तापवल्यावर 50 घन इंच हवेतली सात-आठ घन इंच गेली आणि लाल भस्म झालं. ते आणखी तापवल्यावर तेवढीच हवा परत मिळाली. आपल्या ग्लासपेक्षा त्याचा आकडा कमी येतो, हे मुलांपासून लपवू नका, चर्चा करा. पारा मात्र घरात आणू नका, वाफ विषारी असते. इंग्लंडमधल्या प्रीस्टलीनं 1 ऑगस्ट 1774 ला भिंगानं असंच लाल भस्म तापवून हा वायू, म्हणजे आपला ऑक्सिजन, मिळवला होता, स्वीडनमधला शेले त्याच्याही आधी पोचला होता. फ्लोजिस्टन सोडून या वायूचा नवा हिशेब लाव्हाझिएनं मांडला. मारी-ॲननं, त्याच्या बायकोनं, त्याच्या 1789 च्या रसायनशास्त्रावरच्या ग्रंथासाठी उपकरणांची चित्रं काढली, ती मुलींना आवर्जून दाखवा.

त्या ग्रंथातली 33 मूलद्रव्यांची यादी फळ्यावर लिहा. प्रकाश आणि उष्णता मुलं चटकन खोडतात. यादीत चुनाही आहे. तो ते ठेवतात, कारण त्यांच्यासमोर चुना काही केल्या फुटलेला नसतो. लाव्हाझिएलाच त्याचा संशय होता, पण 1794 साली त्याला गिलोटिनवर मारलं. 1808 मध्ये डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं विजेच्या जोरावर चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं. एवढं सांगितल्यावर खडू ज्याच्या हातात असेल, तो उठून चुन्यावरही रेघ मारतो.