हेलिकॉप्टरचा रेडिओ सेट करताना या चुका टाळा

पहिल्यांदा थ्रॉटल (मोटरचा वेग) दिला तेव्हा माझं रेडिओवर, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरवर चालणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडालं नाही, नुसतं गरगरलं. स्किड (खालचे पाय) अजून जमिनीवरच होते आणि शेपूट भिंगरीसारखं फिरायला लागलं. मी रडरची (शेपूट वळवणारी) काडी उलट्या बाजूला पूर्ण दाबली, तरी काडीचाही फरक नाही. ब्लेड जमिनीला लागले, मेन शाफ्ट वाकला आणि चार सेकंदांत खेळ आटोपला. नंतर टेबलावर तपासलं तेव्हा हेलिकॉप्टरमध्ये बिघाड असा काही सापडलाच नाही. गायरोच्या (शेपूट आपोआप सावरणाऱ्या सेन्सरच्या) सेटिंगमधल्या एका ओळीत ‘नॉर्मल’च्या जागी ‘रिव्हर्स’ हवं होतं, एवढंच.

नवीन माणसाची बहुतेक मोडतोड अशीच होते. चूक टेबलावर दोन मिनिटांत दिसली असती, पण ती आपण जमिनीपासून फूटभर वर शोधायला जातो.

मोटर जोडलेली ठेवून सेटिंग करणे

ही चूक सगळ्यात आधी सांगतो, कारण यात बोटं जातात. रिसीव्हरला (ट्रान्समीटरचे संदेश घेणाऱ्या, हेलिकॉप्टरमधल्या भागाला) वीज ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या) बीईसीमधून (त्यातल्या वीजपुरवठ्यातून) मिळते, म्हणजे सेटिंग करायला बॅटरी लावावीच लागते. मग एखादा चॅनल (एका कामाचा सिग्नल) रिव्हर्स, म्हणजे उलटा, करताना हात चुकला की मोटर पूर्ण वेगात सुटते. ईएससी आणि मोटरमधल्या तिन्ही वायरी काढून ठेवा आणि टोकं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी बाजूला करा. मेन ब्लेडही उतरवा. ‘फक्त एक सबट्रिम बघायचाय’ (म्हणजे मधला बिंदू बारीक सरकवायचाय) म्हणून वायरी तशाच ठेवल्या जातात, आणि अपघात नेमका त्या दिवशी होतो.

याच टप्प्यावर फुताबा कंपनीच्या रेडिओवाल्यांना एक कोडं पडतं. काडी खाली असूनही ईएससी तयार होत नाही, नुसता वेगवेगळ्या सुरांत बीप करतो. फुताबाची थ्रॉटलची दिशा बाकीच्यांच्या उलटी असते, त्यामुळे ‘खाली’ हे ईएससीला ‘पूर्ण वर’ वाटतं आणि तो प्रोग्रामिंगमध्ये शिरतो. थ्रॉटल चॅनल रिव्हर्स केला की प्रश्न सुटतो. ईएससी खराब समजून परत पाठवू नका.

मिक्सिंग दोन ठिकाणी

आजच्या बहुतेक हेलिकॉप्टरमध्ये स्वॉशप्लेटला (ब्लेडचा कोन बदलणाऱ्या, रोटरखालच्या तबकडीला) १२० अंशांवर तीन सर्व्हो (तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतात. पिच (ब्लेडचा कोन) वाढवायचा तर तिघांनी मिळून प्लेट वर उचलायची, पुढे झुकवायचं तर काहींनी वर आणि काहींनी खाली जायचं. हा हिशोब, म्हणजे मिक्सिंग, कोणीतरी एकानेच करायला हवा. फ्लायबारलेस युनिट (रोटरवरच्या तोल सांभाळणाऱ्या दांडीऐवजी, म्हणजे फ्लायबारऐवजी, इलेक्ट्रॉनिक्सने तोल राखणारं) असेल तर तो हिशोब युनिट करतं, आणि ट्रान्समीटरमध्ये स्वॉश टाइप साधा, म्हणजे एक सर्व्हो किंवा ९० अंशांचा ठेवायचा. नवीन माणूस मॅन्युअलमध्ये ‘१२० अंश’ वाचतो, ट्रान्समीटरमध्येही तेच निवडतो, आणि हिशोब दोनदा होतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: थ्रॉटलची काडी वर केली की प्लेट सरळ वर येण्याऐवजी एका बाजूला कलंडते.

फ्लायबार असलेलं जुनं यंत्र असेल तर उलट, तिथे ट्रान्समीटरमध्ये १२० हवंच. त्यात क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हो रिव्हर्सने तिन्ही सर्व्हो एकाच दिशेला न्या, मग ते वर असोत की खाली. सगळे मिळून उलटे जात असतील तर पुन्हा सर्व्हो रिव्हर्सला हात लावू नका, स्वॉश मिक्समध्ये पिचच्या आकड्यापुढचं अधिक-उणे बदला. एलेरॉन (डावी-उजवीकडे कल) आणि एलिव्हेटर (पुढे-मागे कल) यांचंही तसंच. हा क्रम चुकला की माणूस तासभर गोल गोल फिरतो. मी फिरलोय.

सबट्रिमने यांत्रिक चूक झाकणे

माझं सगळ्यात जास्त भांडण या चुकीशी आहे.

काडी मधोमध असताना सर्व्होचा हॉर्न (फिरणारी बाही) प्लेटकडे जाणाऱ्या लिंक रॉडशी ९० अंशांत हवा. तो नसला तर वर जाताना जेवढी हालचाल मिळते तेवढी खाली जाताना मिळत नाही, आणि तीन सर्व्होंची ही विषमता तीन तऱ्हेची असली की पिच देताना प्लेट डुलत वर येते. सर्व्होच्या दांड्यावर दाते असतात. २५ दात्यांच्या दांड्यावर एक दाता म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे हॉर्न नेमका ९० वर बसेलच असं नाही. म्हणून लोक तो कसाही बसवतात आणि सबट्रिम ६०-७० पर्यंत ओढून सरळ करतात. स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण एका बाजूची हालचाल तेवढीच खाल्ली जाते.

त्यापेक्षा हॉर्न काढा, १८० अंश फिरवून बसवा, चार बाह्यांचा असेल तर चारही बाह्या लावून पाहा. कुठली तरी एक बाही जवळजवळ काटकोनात बसते. उरलेला अंश-दोन अंश सबट्रिमचा, एवढंच त्याचं काम. मग प्लेट सपाट आहे का ते स्वॉश लेव्हलरने बघायचं आणि राहिलेला फरक रॉडच्या टोकाची बॉल लिंक अर्धा-अर्धा आटा फिरवून काढायचा. बॉल लिंकला बहुतेक वेळा उलट-सुलट बाजू असते. अक्षर कोरलेली बाजू बाहेर ठेवा, नाहीतर ती बॉलवर घट्ट बसते आणि सर्व्हो विनाकारण कण्हत राहतो.

फ्लायबारलेसमध्ये तर ट्रान्समीटरचा सबट्रिम आणि ट्रिम दोन्ही शून्यच. तिथे ट्रिम दिला की युनिटला वाटतं तुम्ही काडी थोडी धरून ठेवली आहे, आणि ते इमानदारीने हेलिकॉप्टर त्या बाजूला कलवत राहतं. मधला बिंदू जुळवायचा तो युनिटच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये.

टक्के म्हणजे अंश नव्हेत

पिच कर्व्हमध्ये (काडी कुठे असताना किती पिच हे ठरवणाऱ्या रेघेत) ५० लिहिलं म्हणजे ब्लेडचा कोन शून्य झाला, हे गृहीत धरू नका. पिच गेज लावून मोजा. यंत्र मधोमध शून्य आणि दोन्ही बाजूंना साधारण १० अंश असं सममित जुळवून घ्या, प्लेट कुठे अडकत नाही ना ते सगळ्या टोकांना काडी नेऊन पाहा. शिकाऊ माणसाला जे कमी हवं ते नंतर कर्व्हने कमी करायचं: खाली उणे २-३, मधल्या भागात हॉवरसाठी (एका जागी तरंगण्यासाठी) ५-६, वर ९-१० अंश. रॉडची लांबी बदलून ‘बिगिनर सेटिंग’ करू नका. तीन महिन्यांनी आयडल-अप (काडी खाली असूनही मोटर धावती ठेवणारा मोड) वापरायची वेळ येईल तेव्हा सगळं मोडून पुन्हा जुळवावं लागेल.

थ्रॉटल कर्व्हचं दुखणं वेगळं. रेडिओमध्ये आधीपासून असते ती ० ते १०० ची सरळ रेघ. तिच्यावर उडवलं तर हॉवरच्या आसपास रोटरचा वेग कमी पडतो, हेलिकॉप्टर झिंगल्यासारखं डुलतं आणि शेपटालाही जोर राहत नाही. मन म्हणतं गायरो बदलूया. गायरो ठीक असतो, वेग कमी असतो. कर्व्ह सुरुवातीला भराभर चढवा आणि मधून पुढे जवळजवळ सपाट ठेवा. ईएससीमध्ये गव्हर्नर चालू असेल तर पहिला बिंदू सोडून पुढची रेघ सपाटच हवी, कारण वेग सांभाळायचं काम त्याचं आहे.

थ्रॉटल होल्डची (मोटर बंद ठेवणारी) कळ काही रेडिओंमध्ये मेन्यूत जाऊन ‘ॲक्टिव्ह’ करावी लागते. तोवर ती नुसतीच खटका. वायरी पुन्हा जोडण्याआधी मॉनिटरच्या स्क्रीनवर बघा: काडी वर नेली, होल्ड ओढला, थ्रॉटलची पट्टी तळाला गेली का? होल्ड दिल्याशिवाय हेलिकॉप्टर उचलायचं नाही. आयडल-अप मात्र पहिले काही महिने बंदच ठेवा. जमिनीवर चुकून ती कळ पडली तर काडी खाली असूनही मोटर धावते.

गायरो

दिशेची परीक्षा अशी. उजवा रडर द्या आणि टेलचा स्लायडर (टेल रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठे सरकतो ते लक्षात ठेवा. आता काडी सोडून हेलिकॉप्टर हातात घ्या आणि नाक झटक्यात डावीकडे फिरवा. स्लायडर त्याच बाजूला सरकला पाहिजे, कारण गायरोला नाक परत उजवीकडे आणायचं असतं. उलटा सरकला तर रडर रिव्हर्स करून भागणार नाही. गायरोची दिशा स्वतंत्र असते, ती तिथेच बदला. माझा शाफ्ट वाकला तो ही तीस सेकंदांची परीक्षा न घेतल्यामुळे. फ्लायबारलेसमध्ये स्वॉशचीही अशीच परीक्षा घ्या: हेलिकॉप्टर पुढे झुकवलं की प्लेट मागे कलली पाहिजे, जणू तिला जमिनीला समांतरच राहायचंय.

बॅटरी लावल्यावर काही सेकंद यंत्राला हात लावू नका, गायरो तेव्हा ‘स्थिर म्हणजे काय’ ते शिकत असतो. आणि गायरोच्या मेन्यूतलं ३३३ हर्ट्झ हे फक्त त्या वेगाच्या डिजिटल सर्व्होसाठी. ॲनालॉग सर्व्हो जोडून ते निवडलं तर सर्व्हो तापतो आणि जळतो.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी

एक्स्पो (काडीचा मधला भाग मऊ किंवा तिखट करणारं सेटिंग) लावला आणि यंत्र आणखी चिडकं झालं? चिन्ह बघा. स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओमध्ये अधिक एक्स्पो काडीचा मधला भाग मऊ करतो, फुताबामध्ये तेच काम उणे एक्स्पो करतो. मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवले की हा घोळ होतो.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) तपासायचा तर वायरी काढलेल्याच असताना ट्रान्समीटर बंद करून पाहा आणि थ्रॉटल शून्यावर जातो याची खात्री करा. नेहमीचा क्रम मात्र उलटा लक्षात ठेवा: चालू करताना ट्रान्समीटर आधी, बंद करताना शेवटी.

पहिला हॉवर

शेपूट भराभर थरथरत असेल तर गायरोचा गेन (तो किती जोराने सावरतो) जास्त आहे, थोडा थोडा उतरवत जा. थांबताना शेपूट सैल पडत असेल तर गेन वाढवा. वेग बदलला की दोन्हींचा हिशोब बदलतो, म्हणून थ्रॉटल कर्व्ह ठरल्यावरच गेन ठरवा.

आणि हॉवरमध्ये यंत्र जरासं एका बाजूला कललेलं दिसेल. मेन रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवीकडे. टेल रोटर नाक सरळ ठेवताना अख्ख्या हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलत असतो, आणि एका जागी थांबायचं तर तेवढं उजवीकडे कलावंच लागतं. बरेच जण इथे उतरतात, एलेरॉनचे ट्रिम टकटक दाबतात आणि दिवसभर खपून जुळवलेली प्लेट बिघडवतात. तो कल तसाच असू द्या.